विहिरीवरची मोटर स्वतः जोडताय? कोकणातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी देवगडकडचा. घराला लागून माडापोफळीचं छोटं आगर आहे, बाव म्हणजे विहीर आहे, बावीवर १ एचपीची मोटर आहे. आयटीआयला वायरमन केलं आणि नंतर दुसऱ्याच धंद्यात गेलो, पण वाडीत कोणाची मोटर बंद पडली की हाक येतेच. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. नीट वाचा, विशेषतः अर्थिंगचा भाग, बाकीचं एखाद वेळी सुटलं तरी मोटरच जळेल, अर्थिंग चुकलं तर माणूस जाईल.

मोटर स्वतः जोडली तर चालते का, की वायरमनच बोलवायचा?

नियम आधी सांगतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम आहेत, आताचे २०२३ चे, त्यांच्याप्रमाणे नवीन वायरिंग, जास्तीचं वायरिंग, लोड वाढवणं ही कामं परवानावाल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यायची असतात. फ्यूज बदलणं, स्विच बदलणं अशी कामं, ज्यात जोडणीची क्षमता बदलत नाही, ती घरचा माणूस करू शकतो. म्हणजे मीटरपासून विहिरीपर्यंत नवीन लाईन टाकायची असेल, अर्थिंगचा खड्डा करायचा असेल, तर परवानावाला माणूस आणा आणि त्याच्या हाताखाली उभे राहून शिका. जळलेला कॅपॅसिटर (मोटर चालू व्हायला लागतो तो डबा) बदलणं, पावसाआधी मोटर सोडवून वर आणणं, परत तिथेच जोडणं, हे समजून घेतलं तर घरी होतं. मीटरच्या अलीकडच्या वायरीला म्हणजे खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरीला हात लावायचा नाही, तिथे महावितरणचाच माणूस, १९१२ ला फोन करा.

पैसे कमी आहेत. एकच गोष्ट चांगली घ्यायची तर कुठली?

आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की पडून लाईन तोडणारा स्विच. ३० मिलीअँपचा, डबल पोल म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा. मोटर सेकंडहँड घ्या, पाईप जुना वापरा, पण हा घ्याच. का ते जरा सविस्तर सांगतो कारण आपल्याकडे हे कोणी समजावून सांगत नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाकडे मोटरच्या बॉडीला हात लावला की मुंग्या यायच्या. तो म्हणायचा अर्थिंग केलंय, एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पण आहे, काय व्हायचं नाही. ओळखीचा वायरमन अर्थ टेस्टर घेऊन आला, मे महिना होता, अर्थिंगचा रेझिस्टन्स निघाला २३ ओहम. आता हिशोब करा. मोटरच्या आत फेज पूर्ण बॉडीला टेकला तर २३० व्होल्ट भागिले २३ ओहम, म्हणजे साधारण १० अँपच करंट जमिनीत जाणार. एमसीबी १६ अँपचा. तो १० अँपला कशाला पडेल, त्याच्या लेखी ती चालू मोटरच आहे. एमसीबी वर, मोटर चालू, आणि बॉडीवर करंट तसाच बसलेला. ओल्या पायाने माणसाने हात लावला तर खेळ खलास.

देशावरच्या काळ्या मातीत अर्थिंग सहज चांगलं मिळतं, आपल्याकडे जांभा. वर वीतभर माती आणि खाली कातळ, पावसाळ्यात ओलं म्हणून बरं रीडिंग देतं आणि एप्रिल-मे मध्ये पार सुकतं, आणि नेमकी तेव्हाच मोटर दिवसातून चार वेळा चालते. त्यामुळे नुसत्या एमसीबी आणि अर्थिंगवर विसंबू नका. आरसीसीबीला मोठा करंट लागतच नाही, तो गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची बेरीज-वजाबाकी करत असतो, ३० मिलीअँपचा फरक पडला की पडतोच. अर्थ २३ ओहमचा असू दे नाहीतर १०० चा, त्याला ३० मिलीअँप मिळतात. ओल्या माणसाच्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरतात, म्हणजे २३० व्होल्टला २०० मिलीअँपच्या वर करंट, आणि एवढा करंट थोडा वेळ जरी छातीतून गेला तरी हृदयाचे ठोके बिघडतात.

भावाकडे त्याच आठवड्यात आरसीसीबी बसवला. पहिल्यांदा मोटर चालू केली आणि लगेच पडला. मोटर काढून वाइंडिंगवाल्याकडे नेली तर आतली वायर बॉडीला घासून उघडी पडलेली. हे दोन वर्षं तसंच चालू होतं.

एक लक्षात ठेवा, आरसीसीबी शॉर्ट सर्किट किंवा ओव्हरलोडला पडत नाही, त्याच्यासोबत एमसीबी लागतोच. दोन्ही एकात हवं असेल तर आरसीबीओ मागा. आणि त्याच्यावर टेस्टचं बटन असतं ते महिन्यातून एकदा दाबा, दाबल्यावर पडला नाही तर तो बाद.

मग आरसीसीबी असला की अर्थिंग नको?

हवंच. अर्थिंग नसेल तर बिघाड झाला तरी करंटला जायला वाट नाही, म्हणजे पहिली वाट तुम्हीच, तुम्ही हात लावाल तेव्हा तो पडेल. झटका खाऊन वाचाल. अर्थिंग असेल तर हात लावायच्या आधीच पडतो.

कातळावर अर्थिंग करायचं कसं?

विहिरीच्या बाजूलाच केलं पाहिजे असं काही नाही. जिथे माती खोल आहे आणि बारा महिने ओल राहते तिथे करा. न्हाणीघराचं पाणी जिथे माडाच्या आळ्यात सोडलेलं असतं त्याच्या बाजूला, नाहीतर पोफळीच्या पाटाकडेला. तिथून मोटरपर्यंत अर्थची वायर लांब आणावी लागली तरी चालेल. पाईप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), दीड इंची, निदान अडीच मीटर खाली गेला पाहिजे, सुरुंग लावल्याशिवाय तेवढं जात नसेल तर दुसरी जागा बघा किंवा दोन-तीन रॉड लांब लांब ठोकून एकमेकांना जोडा. मीठ आणि कोळसा टाकायची जुनी पद्धत आहे, पण आपल्याकडे हवाच खारी, वर आणखी मीठ टाकलं की पाईप खाऊन टाकतं. आमचा एक पाईप उकरून बघितला तर हातात तुकडे आले. त्यापेक्षा बेंटोनाइटची, म्हणजे ओल धरणाऱ्या चिकणमातीची पावडर मिळते ती वापरा. वर तोंड उघडं ठेवा आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा घागरभर पाणी ओता.

एक जण म्हणाला न्यूट्रललाच अर्थ जोड, चालतं. जोडू?

नाही. खांबावरचा न्यूट्रल तुटला, आणि वादळवाऱ्यात माडाची झावळी पडून तो तुटतोच, तर मोटरची बॉडी फेजवर येते. काही बिघडलेलं नसताना. शिवाय आरसीसीबी मग नीट काम करत नाही. कोणीही सांगितलं तरी हे करू नका.

वायर कितीची घ्यायची?

अंतरावर आहे. सगळे एचपी विचारतात, अंतर कोणी विचारत नाही. १ एचपी सिंगल फेज मोटर चालताना साधारण ६-७ अँप घेते पण चालू होताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ३५ अँपच्या पुढे. आगरातली बाव घरापासून ६० मीटर लांब धरा. तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर जाऊन-येऊन १२० मीटर, त्याचा रेझिस्टन्स होतो साधारण १.६ ओहम, चालू होताना ५५ व्होल्ट वायरीतच खातात. मीटरकडे २१० असतील तर मोटरला दीडशे. मोटर बिचारी हूं करत बसते आणि लोक कॅपॅसिटर बदलत राहतात. तीच वायर अडीचची घेतली तर साधारण ३३ व्होल्ट, चारची घेतली तर २० च्या आसपास. म्हणून ३० मीटरपर्यंत अडीच, त्याच्या पुढे चार, असा माझा साधा नियम. थ्री कोअर घ्या, तिसरी कोअर अर्थ. ॲल्युमिनियमची स्वस्त पडते पण खाऱ्या हवेत जॉइंट टिकत नाही.

जमिनीखालून नेताना पाईपातून न्या, उंदीर आणि कुदळ दोन्हीपासून वाचते. माडाला खिळा मारून वायर बांधलेली मी रोज बघतो, तसं करू नका, वाऱ्यात माड हलतो आणि वर्षात इन्सुलेशन कापलं जातं.

एमसीबी कितीचा?

१ एचपीला १६ अँपचा, सी कर्व्हचा, डबल पोल. बी कर्व्ह घेतलात तर चालू होतानाच्या झटक्याला कधीकधी उगाच पडतो. डबल पोल अशासाठी की गावात लाईनचं काम झालं की फेज-न्यूट्रल उलटा झालेला मी स्वतः बघितलाय, सिंगल पोलने तुम्ही न्यूट्रल तोडताय आणि फेज तसाच मोटरमध्ये. एमसीबी वायर वाचवतो, मोटर नाही. मोटर वाचवायला ओव्हरलोड रिले, आणि त्याचा खटका मोटरच्या प्लेटवर जे अँप लिहिलेत तिथेच ठेवायचा. सारखा पडतो म्हणून वाढवून ठेवतात, आणि मग मोटर जळली की कंपनीला शिव्या.

करंट नाही हे नक्की कसं समजायचं?

आमची आजी इलेक्ट्रिकमधलं काही शिकलेली नव्हती पण मी पक्कड हातात घेतली की पडवीतून ओरडायची, ‘झिला, मेन बंद केलंस मां?’ ती गेली, तरी अजून मी पक्कड घेतली की ते ऐकू येतं आणि मी परत जाऊन मेन बघून येतो.

मेन बंद करा, आणि मोटरचा प्लग असेल तर तो काढून खिशात घाला, फ्यूज असेल तर तो खिशात घाला. घरातल्या सगळ्यांना सांगा की मी बावीकडे आहे. मग टेस्टर आधी चालू असलेल्या सॉकेटला लावून बघा पेटतो का, मग मोटरच्या वायरींना लावा, मग परत चालू सॉकेटला. मधेच टेस्टर मेला असेल तर तुम्हाला वाटेल करंट नाही. निऑनचा टेस्टर फक्त फेज दाखवतो, उन्हात त्याचा उजेड दिसत पण नाही. चारपाचशेचा मल्टीमीटर घ्या, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तिन्ही बघा. पायात कोरडी रबरी चप्पल आणि खाली कोरडी फळी.

मोटरचं झाकण उघडलं तर आत बऱ्याच वायरी आहेत, कुठली कुठे?

आधी फोटो काढा. खरंच. स्क्रू सोडायच्या आधी मोबाईलने दोन बाजूंनी फोटो आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीवर नंबर.

साध्या मोनोब्लॉकमध्ये (मोटर आणि पंप एकत्र असतो त्यात) दोन वाइंडिंग असतात, रनिंग आणि स्टार्टिंग. रनिंगच्या दोन टोकांना सरळ फेज आणि न्यूट्रल. स्टार्टिंगचं एक टोक रनिंगच्या एका टोकाला, दुसरं टोक कॅपॅसिटरमधून जाऊन रनिंगच्या दुसऱ्या टोकाला. बस एवढंच आहे. अर्थची वायर बॉडीवरच्या अर्थच्या स्क्रूलाच, रंग खरवडून चकाकता पत्रा दिसला पाहिजे तिथे, रंगावर स्क्रू आवळून काही उपयोग नाही.

वायर नुसती गुंडाळून नटाखाली घालू नका, लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबून बसवा, म्हणजे क्रिंप करा. तांब्याचा टोकाचा भाग हिरवा पडला असेल तर तो कापून टाका आणि आतली लालबुंद तार येईपर्यंत सोला, कधीकधी वीतभर आत हिरवं गेलेलं असतं.

सबमर्सिबलला तीन वायरी आहेत, लाल पिवळी निळी. रंगावरून जोडू?

रंगावर जाऊ नका, कंपनीप्रमाणे बदलतात. मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि दोन-दोन वायरी मोजा. समजा ३, ७ आणि १० आलं. सगळ्यात मोठं रीडिंग, १०, ज्या दोघींमध्ये आलं त्या रनिंग आणि स्टार्टिंग, म्हणून राहिलेली तिसरी कॉमन. कॉमनपासून कमी रीडिंगवाली, ३ वाली, रनिंग, आणि ७ वाली स्टार्टिंग. लहान दोघांची बेरीज मोठ्याएवढी आली पाहिजे, नाही आली तर कुठेतरी गडबड आहे. मग न्यूट्रल कॉमनला, फेज रनिंगला, आणि कॅपॅसिटर रनिंग-स्टार्टिंगच्या मधे. पॅनेलमध्ये स्टार्टचा वेगळा कॅपॅसिटर असेल तर झाकणाच्या आत छापलेला डायग्राम असतो, त्याप्रमाणेच.

जोडायच्या आधी तिन्ही वायरी अर्थशी मोजा. काही दाखवलं नाही पाहिजे.

कॅपॅसिटर बदलताना काय सांभाळायचं?

मेन बंद केला तरी त्यात करंट साठून राहतो. १०० वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बला दोन वायरी लावून ठेवा, कॅपॅसिटरच्या दोन टोकांना त्या टेकवल्या की रिकामा होतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा लावून ठिणगी काढतात, तसं करू नका, ठिणगी डोळ्यात उडते. नवीन घेताना मायक्रोफॅरड जुन्यावर लिहिलेलेच, ‘थोडा मोठा घे, जोरात फिरेल’ हे खोटं आहे, जोरात फिरत नाही, गरम होते. आणि ४४० व्होल्टचाच घ्या. लाईन २३० ची असली तरी चालू मोटरमध्ये कॅपॅसिटरच्या टोकांवर त्यापेक्षा जास्त व्होल्ट येतात, २५० वाला फुगून फुटतो.

मोटर उलटी फिरते, पाणी कमी येतं.

सिंगल फेज असेल तर स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं आपापसात बदला. फेज-न्यूट्रल बदलून काही होणार नाही. थ्री फेज असेल तर कुठल्याही दोन फेज बदला.

थ्री फेजची मोटर घरी जोडू का?

जोडणी सोपी दिसते पण हे काम मी घरी करा म्हणून सांगणार नाही. दोन गोष्टी तरी समजून ठेवा. एक, मोटरमध्ये सहा टोकं असतात आणि पट्ट्या कशा लावल्या त्यावरून स्टार की डेल्टा ठरतं, नेमप्लेटवर जे लिहिलंय तेच. स्टारची मोटर डेल्टामध्ये जोडली तर प्रत्येक वाइंडिंगला २४० च्या जागी ४१५ व्होल्ट येतात, वास यायला मिनिटं लागतात. उलट केलं, डेल्टाची स्टारमध्ये, तर जोर तिसरा हिस्सा उरतो. दुसरं, एक फेज गेली तरी चालू मोटर दोन फेजवर फिरत राहते आणि जळते. गावात एक फेज जाणं रोजचं आहे, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय थ्री फेज मोटर चालवूच नका.

मोटर नुसती हूं करते, फिरत नाही.

लगेच बंद करा, त्या अवस्थेत ती चालू होतानाचा मोठा करंट सतत घेत असते. मेन बंद करून मागच्या पंख्याच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरवून बघा. आपल्याकडे पावसाळ्यात चार महिने शिपणं म्हणजे झाडांना पाणी देणं नसतं, मोटर बंद, आणि आत इम्पेलर गंजून जाम होतो, दहापैकी पाच वेळा एवढंच असतं. नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा चालू करायच्या आधी फिरवूनच बघा. शाफ्ट मोकळा असेल तर व्होल्टेज बघा, मग कॅपॅसिटर.

व्होल्टेज कितीला चालू करू नये?

१८० च्या खाली मी करत नाही. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे पडतो, २३० चे १८० झाले तर जोर साठ टक्क्यांवर येतो. संध्याकाळी सगळ्या वाडीचे पंखे-टीव्ही चालू असतात तेव्हा लाईनच्या शेवटच्या घरांनी मोटर लावूच नये, पहाटे लावा.

स्टार्टरच्या पेटीचं काय, दरवर्षी आत गंजतं.

लोखंडी पेटी आपल्याकडे टिकत नाही. प्लास्टिकची, रबराची सील असलेली, आयपी ६५ लिहिलेली घ्या आणि वायरी खालच्या बाजूने ग्लँडमधून आत न्या, वरून भोक पाडलं की पाणी वायरीवरून सरळ आत. वायर पेटीत शिरायच्या आधी खाली एक लोंबता वळसा द्या म्हणजे थेंब तिथून गळतो.

आणि पाली. आमच्या मांगरातला जुना स्टार्टर एकदा आवाज करायला लागला, करकर असा, उघडला तर कॉन्टॅक्टच्या दोन पट्ट्यांच्या मधे पालीचा सुकलेला सांगाडा, शेपूट एका फेजवर, डोकं दुसऱ्या, आणि बाजूचं बॅकेलाइट काळं पडून त्याला तडा गेलेला. उबेला येतात त्या. मुंग्या पण येतात, कॉइलच्या खाली माती करून ठेवतात आणि पट्टी पूर्ण बसत नाही. न वापरलेलं एकही भोक उघडं ठेवू नका, एम-सील लावून बुजवा.

मार्चनंतर मोटर बावीत खाली उतरवावी लागते. वायरीला जॉइंट दिला तर?

मोटर पाणी वर ओढते ते जास्तीत जास्त सहा-सात मीटरच, म्हणून पाणी खाली गेलं की मोटरला खालच्या टप्प्यावर (बावीच्या आतल्या कट्ट्यावर) न्यावं लागतं, हे बरोबर. पण वायर पहिल्यापासूनच तळापर्यंत पुरेल एवढी घ्या आणि वरती वेटोळं करून टांगा. बावीच्या आत जॉइंट नकोच. सबमर्सिबलला द्यावाच लागला तर तिन्ही जॉइंट पुढे-मागे, एकाच ठिकाणी नाही, क्रिंप करून वर रबर टेप ओढून ओढून आणि मग पीव्हीसी टेप, आणि बादलीभर पाण्यात बुडवून मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बघून मगच खाली सोडा. मोटरला दोरीने धरून सोडायचं, वायरीला लटकवायचं नाही.

मोटर वर काढायची तारीख आम्ही मृगाआधी धरतो, ७ जूनच्या आत. एकदा आम्ही उशीर केला आणि एका रात्रीत पाणी टप्प्यावर आलं.

मोटर पाण्यात बुडाली होती. सुकवून लावू?

नुसती बाहेरून सुकून उपयोग नाही. गोड्या पाण्यात धुवा, उघडा, दोन-तीन दिवस उन्हात, पावसाळा असेल तर खोक्यात घालून आत १०० वॉटचा बल्ब. मग वाइंडिंगवाल्याकडून ५०० व्होल्टच्या मेगरने बघून घ्या, १ मेगओहमच्या खाली असेल तर जोडू नका. बेअरिंग बदलावंच लागतं.

पावसात आरसीसीबी सारखा पडतो, बायपास केला तर?

तो पडतोय म्हणजे कुठेतरी करंट गळतोय. मोटर सोडवा, मेन चालू करा, पडला नाही तर मोटरमध्ये ओल. तरी पडला तर वायरीत किंवा पेटीत. बहुतेक वेळा प्लग-सॉकेटमध्ये पाणी किंवा चिकटा सापडतो. बायपास केलेल्या घरात मी मोटरला हात लावत नाही, स्पष्ट सांगतो.

ऑटो स्विच लावू का?

लावा, पण काम करताना नुसतं बटन बंद करून बसू नका. लाईट नव्हती म्हणून हात घातला आणि लाईट आली की मोटर आपोआप सुरू, असं बऱ्याच ठिकाणी घडलंय. मेन पाडा.

वादळात आठ-आठ दिवस लाईट जाते, जनरेटरवर मोटर चालवायची आहे.

२०२० ला ३ जूनला निसर्ग वादळ आलं, २०२१ च्या मे मध्ये तौक्ते, दोन्ही वेळा कित्येक गावं अंधारात होती आणि पाण्यावाचून हाल झाले, त्यामुळे जनरेटर घेणं समजतं. १ एचपीला निदान ३ केव्हीएचा घ्या, चालू होतानाचा झटका झेलला पाहिजे. पण जोडताना चेंजओव्हर स्विचच, म्हणजे एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये घुसवतात, त्याने करंट उलटा खांबावर जातो आणि ट्रान्सफॉर्मरमधून चढून लाईनवर, तिथे आपल्यासाठीच लाईट जोडायला चढलेला लाईनमन असतो. पावसात भिजत, रात्री.

वीज कडाडत असेल तर मेन पाडला की पुरे?

एमसीबीच्या आतली फट विजेपुढे काही नाही. प्लग काढून लांब ठेवा. मे अखेर आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, या दिवसांत दुपारी ढग आले की काढूनच ठेवा. तीन पिनचा १६ अँपवाला प्लग घ्या, अर्थची पिन लांब असते ती मुद्दाम, घालताना पहिली लागावी आणि काढताना शेवटी सुटावी म्हणून, ती कापून दोन पिनच्या सॉकेटमध्ये घुसवू नका.

कोणाला शॉक लागला तर?

हात लावू नका. मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या बांबूने किंवा काठीने वायर बाजूला करा, झावळीचा ओला दांडा नको. १०८ ला फोन. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, गाडी येईपर्यंत थांबू नका. माणूस उठून बसला आणि बरं वाटतंय म्हणाला तरी दवाखान्यात न्या, ईसीजी काढा.

मे महिन्यात मुंबईहून पोरं येतात, बावीत पोहतात. मोटर चालू ठेवली तर चालेल?

नाही, आरसीसीबी असला तरी नाही. सबमर्सिबल असो नाहीतर टप्प्यावरची मोटर असो, पाण्यात माणूस उतरायच्या आधी प्लग काढायचा. आमच्याकडे पडवीत खुंटीला एक जुना तांब्या टांगलेला आहे, पोरं पोहायला जाताना मोटरचा प्लग काढून त्याची वायर त्या खुंटीला अडकवायची, सगळी पोरं वर आली की मोजायची आणि मगच प्लग परत लावायचा, आणि हे काम पोरांकडे नाही, माझ्या आईकडे आहे.